भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या

चांद्याच्या कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला वाटलं, इथं कोणाचं तरी भांडण झालंय. एका भिंतीला लागून खुर्च्या ओळीने मांडलेल्या आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. माझा काळा कोट नवा, आत मी उकडून निघालेली, आणि बसायला जागा नाही. त्यातली एक खुर्ची ओढायला हात घातला तर खिडकीपाशी बसलेल्या एका उंच, वाळक्या वकिलाने मान न वळवता म्हटलं, "तिला हात नका लावू, वकीलबाई. तो माणूस गेला."

मी चटकन हात मागे घेतला. बाकीचे वकील हसायला लागले. एकाने खुलासा केला की गेला म्हणजे नायब तहसीलदार होऊन ब्रह्मपुरीला गेला, चांगला धडधाकट आहे.

"तेच तर म्हणून राहिलो मी," खिडकीतले म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक उकडलेला शिंगाडा काढला आणि दाताने फोडायला घेतला.

तर हे साहेब. त्यांचं नाव सांगत नाही. घरच्यांना आवडायचं नाही, आणि खरं म्हणजे नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. चांद्यात तेव्हा साहेब पुष्कळ होते, पण नुसतं 'साहेब' म्हटलं की हेच. कोट कधीकाळी काळा असावा, माझ्या वेळेपर्यंत तो हिरव्यावर आला होता. दोन्ही खिसे शिंगाड्यांनी फुगलेले. उलटतपासणी चालू असताना साक्षीदार खोटं बोलला की साहेब खिशात हात घालायचे. त्यामुळे खोटे साक्षीदार त्यांच्या डोळ्यांपेक्षा खिशाकडे जास्त बघायचे.

ते दिवस वकिलांना वाईट होते. आज हे सांगितलं तर तरुण वकील माझ्याकडे बघून हसतात, पण होतं तसंच. मालगुजारी नुकतीच गेली होती. मालगुजार म्हणजे गावचा मालक. जमीन, जंगल, तलाव, सगळ्यावर त्याचा शब्द. चांद्याची सगळी बार रूम ह्या लोकांवर जगायची. शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे हद्दीचं भांडण, वारसाचं भांडण, दत्तकाचं भांडण. मालगुजाराच्या घरात दोन भाऊ असले की वकिलाच्या मुलांची लग्नं निघत. मालगुजारी गेली तशी वकिली आटली आणि वकील पांगायला लागले. कोणी सरकारी वकील झाला, कोणी घुग्घुसच्या खाणीच्या ऑफिसात लागला, कोणी कारखान्यात मजुरांची गाऱ्हाणी ऐकायच्या जागेवर गेला. कोणी सरळ नागपूर गाठलं.

कोणी असा पगारी झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सर्वांच्या आधी येत. त्याची खुर्ची आपल्या उपरण्याने पुसत. मग दोन्ही हातांनी उचलून भिंतीपाशी नेत आणि तोंड फिरवून ठेवत. शिवी नाही, टोमणा नाही. देव्हाऱ्यातला देव उचलून ठेवावा तशी ठेवत.

मी एकदा विचारलं, "साहेब, हा राग की काय?"

"राग काऊन? वकील मेला की त्याची खुर्ची नव्या पोराला द्यायची, अशी इथली रीत आहे. पण जिताजागता माणूस पगार घ्यायला गेला तर त्याची खुर्ची कशी देता येईल दुसऱ्याला? उद्या तो परत आला तर बसेल कुठं? आला की फिरवून देऊ."

"आजवर कोणी आलं का?"

साहेबांनी शिंगाडा सोलला. "जागा तर ठेवली पाहिजे ना, बाई."

जुन्या लोकांचं दुःख निराळं होतं. बार रूममध्ये आता शिंप्याचा मुलगा आला होता. महारवाड्यातला पहिला वकील आला होता. मग मी आले, तर एका वयस्कर वकिलांनी डोक्यावरची टोपीच काढून ठेवली आणि म्हणाले, आता राहिलं काय. साहेबांनी त्यांना भर सभेत सांगितलं, "जे गेले ते मालगुजाराच्या पंगतीत जेवून वकील झाले होते. पंगत उठली, ते उठले. आता जे येऊन राहिले ते घरून डबा घेऊन येऊन राहिले. हे टिकतील." दुसऱ्या दिवशी साहेबांनी आपल्या घरून एक वेताची खुर्ची दमणीत, म्हणजे आपल्या हलक्या बैलगाडीत, टाकून आणली आणि खिडकीशेजारी ठेवली. एक पाय जरा आखूड होता, पण खुर्ची माझी होती. त्या क्षणी मी त्या माणसाला मनातून जो नमस्कार केला तो आजतागायत तसाच आहे.

आता दमणीचं सांगायलाच पाहिजे. हिवाळ्यात एसडीओ, म्हणजे प्रांतसाहेब, दौऱ्यावर निघत आणि कोर्ट त्यांच्याबरोबर फिरे. आज मूल गावी, चार दिवसांनी पोंभुर्ण्याला, मग आणखी आत जंगलात. डाक बंगल्याच्या ओसरीवर टेबल टाकलं की झालं कोर्ट. तरुण वकील सायकलने, नाही तर मिळेल त्या ट्रकने जायचे. साहेब आपल्या दमणीने जायचे. डाव्या बैलाचं नाव मुन्सफ, उजव्याचं अपील. अपील सारखा मागे ओढायचा म्हणून त्याला ते नाव.

आणि साहेब आपला युक्तिवाद आधी मुन्सफला ऐकवायचे. मला वाटलं, लोक थट्टा करतात. मग मी स्वतः पाहिलं. उघड्या अंगाने, गळ्यात पांढरे बँड बांधून, साहेब गोठ्यात उभे राहून इंग्रजीत बोलत होते आणि मुन्सफ रवंथ करत ऐकत होता. मधेच त्याचं तोंड थांबलं. साहेब तिथेच अडले. "इथं भोक आहे," ते म्हणाले आणि मागचं वाक्य पुन्हा घेतलं. तुम्ही हसाल. मीही हसले होते. पण पुढे मी त्या कामाचे कागद तपासले तर भोक नेमकं तिथंच होतं. बैलाला काय कळतं, ते देव जाणे. मला वाटतं, साहेबांचाच आवाज कच्च्या जागी जरा बदलत असेल आणि बैल दचकत असेल. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "जज्ज तरी दुसरं काय करते?"

त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी होती. साहेबांनी उभ्या वकिलीत कधी तारीख मागितली नाही.

कोर्टाबाहेरच्या माणसाला ह्याचं काही वाटणार नाही. पण वकिलाला तारीख म्हणजे भाकरीबरोबरचं मीठ. तयारी नाही, तारीख. पोट दुखलं, तारीख. आणि एखादा वकील हजर नसला तर कोर्टात बसलेल्या कोणीही उठून त्याच्यासाठी तारीख मागायची, हा बारचा शेजारधर्म. साहेब तोही पाळत नसत. एकदा एका वकिलाची बायको बाळंत होत होती. त्याचं काम पुकारलं, सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं, कारण तिथं तेच ज्येष्ठ होते. साहेब उठले आणि म्हणाले, "तारीख कशाला? मी चालवतो." पक्षकाराची परवानगी घेतली, कागद मागून घेतले, उभ्या उभ्या वाचले आणि ते काम चालवून जिंकून दिलं. मोबदल्याला हात लावला नाही. त्या वकिलाला मुलगी झाली होती, तिच्या बारशाला शिंगाडे घेऊन गेले.

"तारखेने वकिलाचं काही जात नाही," ते मला म्हणायचे. "पक्षकार मात्र रानातून चालत आला असते."

मग तलावाचं प्रकरण आलं. पोंभुर्ण्याकडच्या एका गावातले ढिवर बार रूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. ढिवर म्हणजे तळ्यात, नदीत मासे धरणारे लोक. पुढे भागरथाबाई नावाची एक म्हातारी होती, बाकी पुरुष तिच्यामागे. गावच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, हे लोक पिढ्यान्पिढ्या दुरुस्त करत आणि त्यातले मासे धरत, वाटा मालगुजाराला देत. मालगुजारी गेल्यावर मालगुजार म्हणायला लागला की तलाव माझ्या घरच्या जमिनीत आहे, मासे माझे, मी बाहेरचा ठेकेदार आणणार. तलाव गेला तर ही घरं गाव सोडून जाणार, इतकं सरळ होतं ते.

"सायेब, तुमीच चालवा जी," भागरथाबाई म्हणाली.

साहेब उभे राहिले. म्हातारीसमोर ते नेहमी उभे राहूनच बोलत. "मले नाई चालवता येत, बाई. तो मालगुजार माझा पक्षकार होता. त्याच तलावाचं त्यानं मले सारं सांगितलं आहे, विश्वासानं. आता तेच घेऊन त्याच्यावर उलटू काय?"

"मंग आमी कोनाकडं जावं?"

साहेबांनी बार रूमवर नजर फिरवली. कोणी पेपर वाचत होतं, कोणी नखं बघत होतं. मालगुजारी गेली होती, मालगुजाराचा दरारा गेला नव्हता. मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या वकीलबाई चालवतील."

भागरथाबाईने मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. "पोरगी आहे जी."

"पाळीवर माती कोन टाकते तुमच्यात?"

"आमी बायाच टाकतो."

"मंग झालं," साहेब म्हणाले.

मला वाटलं, साहेब मागून मदत करतील. छे. एक अक्षर नाही. मी नाना तऱ्हांनी विचारून पाहिलं. मालगुजाराकडे काय कागद आहेत, जाऊ द्या, निदान मी चुकते कुठं तेवढं तरी सांगा. ते नुसते शिंगाडे सोलत. मी चिडून म्हटलं, "त्या माणसाचं मीठ इतकं जड आहे का?"

"मिठाचं काही नाही. मीठ पचून गेलं. त्यानं दार लावून जे सांगितलं ते पचत नाही."

शेवटी मी गोठ्यात गेले. म्हटलं, साहेब नाहीत तर मुन्सफ तरी ऐकेल. साहेब अंगणात होते. मी पहिलं वाक्य उच्चारलं मात्र, साहेबांनी बादली उचलली आणि विहिरीकडे चालायला लागले. ऐकू येऊ नये म्हणून. माझा युक्तिवाद कानावर पडला तर चुकून भुवई वर जाईल आणि मला भोक कळेल, एवढी त्यांना धास्ती. मी बोलत होते तितका वेळ तो माणूस भरउन्हात विहिरीवर रहाट ओढत उभा होता. बादल्या भरून पुन्हा विहिरीत ओतत होता. असा माणूस मी नंतर पाहिला नाही. मुन्सफने मला तीन ठिकाणी थांबवलं, ते मी घरी येऊन दुरुस्त केलं.

पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, साहेबांनी मला दमणीतून पोंभुर्ण्याला नेलं आणि स्वतः बाहेर मोहाच्या झाडाखाली बैलांपाशी बसून राहिले. डाक बंगल्याची पायरीसुद्धा चढले नाहीत.

ह्याच सुमाराला मला नागपूरहून मुलाखतीचं बोलावणं आलं. सरकारी नोकरी, कायद्याच्या खात्यातली. क्वार्टर, पेन्शन, पंखा. माझी आई तर आनंदाने रडली. मी कोर्टातून रिकाम्या हाताने घरी यायचे, तिला ते रोज दिसायचं. पक्षकार दारात यायचे, बाई पाहून परत जायचे. आई म्हणाली, "तुले काय त्या कोर्टाच्या ओसरीत म्हातारी व्हायचं आहे का? घे नं नोकरी. मलेही झोप लागेल." तिचं काही चुकत नव्हतं, हेच तर कठीण होतं.

मी साहेबांना सांगितलं. तलावाची पेशी पुढच्या महिन्यात होती. मला वाटलं, काहीतरी बोलतील, निदान तोंड वाकडं करतील.

"जा," ते म्हणाले. "मुलाखतीत सरळ बसजा. तुमची ती खुर्ची जरा झुकती आहे, सवय लागली असेल."

मी गेले. मुलाखत चांगली झाली. मला तिथंच सांगितलं की निवड झाली, आठवड्यात हजर व्हा. नागपूरच्या रस्त्यावर मी एकटीच हसत चालले होते. पण रेल्वेत सारा वेळ मला एकच दिसत होतं. साहेब माझी वेताची खुर्ची उपरण्याने पुसताहेत.

सकाळी चांद्याला उतरले ती घरी न जाता तडक बार रूममध्ये गेले. दार उघडं होतं. भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्यांची ओळ होती, पण माझी खुर्ची तिथं नव्हती. ती खिडकीपाशीच होती, तोंड समोर. आणि खुर्चीशेजारी जमिनीवर भागरथाबाई पाय पसरून बसली होती.

"आल्या जी बाई," ती म्हणाली. "मी तुमची खुर्ची राखून राह्यली. सायेबानं सांगितलं, कोनाले बसू नोको देऊ."

"तुम्ही इथं कशा? पेशी तर पुढच्या महिन्यात आहे."

मग तिने सांगितलं. ती रात्रभर साहेबांच्या दमणीतून आली होती. एसडीओंचा दौरा अचानक बदलला होता. मी नागपुरात होते त्याच दिवशी कोर्ट पोंभुर्ण्याला आलं आणि तलावाचं काम पुकारलं गेलं. मालगुजाराने नागपूरहून मोठा वकील आणला होता. वकील म्हणाला, ह्यांच्या बाई हजर नाहीत, एकतर्फी निकाल द्या. चांद्याचे वकील ओसरीवर होते, पण कोणी उठलं नाही.

"मंग सायेब झाडाखालून उठले," भागरथाबाई म्हणाली. "दौरा बदलला आयकून रातीच निंगाले होते जी. पायऱ्या चढून आले. आमच्या वतीनं बोलाले उभे राह्यले, पन मालगुजाराविरुद्ध येक सबद नाई बोलले. म्हनले, हुजूर, ह्या कामाच्या वकीलबाई बाहेरगावी आहेत. तारीख द्या."

मी खुर्चीचा हात धरला.

"मोठ्या सायबानं लिवता लिवता पेन खाली ठेवला. म्हनला, वकीलसायेब, तुमी तारीख मागून राह्यले? सायेब म्हनले, हो जी. मागून राह्यलो."

"आणि तो नागपूरचा?"

"तो हासला. म्हनला, त्या बाई काई परत येत नाईत, नोकरीले लागल्या. त सायेब म्हनले," आणि इथं भागरथाबाई उठून उभी राहिली, बसून सांगण्यासारखं ते नव्हतं म्हणून, "सायेब म्हनले, हुजूर, बार रूममधी त्यांची खुर्ची अजून समोर तोंड करून आहे. मी फिरवली नाई. तवापर्यंत त्या वकील आहेत."

एसडीओ चांद्यात जुने होते. खुर्च्यांची गोष्ट त्यांना माहीत होती. त्यांनी तारीख दिली.

"पण तुमचं नुकसान झालं ना, बाई? पुन्हा यावं लागेल सगळ्यांना."

"सायेबानं पैले आमाले इचारलं जी. आमी म्हनलं, थांबतो. मासोऱ्या कुठी जाते?"

मी त्या खुर्चीत बसले. आखूड पायावर ती नेहमीसारखी झुकली. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ज्या माणसाने बाळंतिणीच्या नवऱ्यासाठी तारीख मागितली नाही, त्याने माझ्यासाठी भर ओसरीवर, सगळ्या चांद्याच्या वकिलांसमोर ती मागितली. काम स्वतः चालवून तारीख टाळणं इथं त्याला शक्य नव्हतं. एका पक्षकाराचा विश्वास मोडायचा नाही आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, ह्या दोहोंत त्याच्याकडे देण्यासारखा फक्त स्वतःचा ताठा उरला होता. तो त्याने दिला. आणि मला मात्र नागपूरला जाऊ नका असं एकदाही म्हटलं नाही.

तारखेला मी उभी राहिले. पाळीवर माती टाकणाऱ्या बायकांची साक्ष झाली, भागरथाबाई तर नागपूरच्या वकिलाला पुरून उरली. तलाव ढिवरांकडे राहिला. पुढे पोंभुर्ण्याकडून कोणी आलं की माझ्या घरी मासे यायचे, आणि माझ्या शाकाहारी आईने त्या माशांसाठी अंगणात वेगळी चूल मांडली होती. पण हा निकाल नंतरचा. माझा निकाल मी नागपूरहून परतले त्याच दिवशी लागला होता.

बार रूममधून उठून मी साहेबांच्या घरी गेले. ते गोठ्यात मुन्सफची पाठ खरारत होते. दोन रात्रींच्या दौडीने बैल दमले होते, साहेबही दमले होते. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, नोकरीचं मला सांगायचं आहे."

"मले कशाले सांगता?" साहेबांनी खरारा खाली ठेवला. "मी कोण तुमचा? मुन्सफले सांगा." त्यांनी बादली उचलली आणि विहिरीकडे चालायला लागले.

मी बैलासमोर उभी राहिले. नोकरी का घ्यावी ते सगळं आधी सांगितलं, आईचं, क्वार्टरचं, पेन्शनचं. मुन्सफचं तोंड थांबलं. मग मी म्हटलं की मी ती नोकरी घेत नाही, मी इथंच वकिली करणार आहे, आणि का करणार आहे तेही सांगितलं. खूप वेळ बोलत होते. विहिरीवर रहाट करकरत होता, बादली खाली जात होती आणि वर येत होती. मुन्सफ पुन्हा रवंथ करायला लागला होता, आणि माझं बोलणं संपेपर्यंत तो एकदाही थांबला नाही.